बिननावाची पुडी

दवंडी पिटली गेली तेव्हा मी गोळ्या मोजत होतो. पुढचा हुकूम येईपर्यंत मंगळवारचा बाजार बंद. दवाखान्याची ओपीडी बंद. हगवण-उलटीचा पेशंट सोडून कोणी आत यायचं नाही. खिडकीशी सुनंदा उभी होती. सगळी रांग सरेपर्यंत ती नेहमी मागे थांबायची. दवंडी ऐकली आणि तिने खिडकीचा गज धरला.

“सर, मंग मी कशी येऊ?”

सुनंदा हे नाव मी दिलेलं आहे. वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान सरकारी दवाखान्यात मी फार्मासिस्ट होतो. गावाचं नावही सांगत नाही, माणसं अजून आहेत. ऐंशीचं दशक नुकतंच लागलेलं, पावसाळ्याचे दिवस, आणि आसपासच्या गावांत गॅस्ट्रोची साथ.

सुनंदाला लहानपणापासून फिट यायच्या. लोक मिरगी म्हणत. त्यावर औषध होतं आणि ते लागूही पडलं होतं. फेनोबार्बिटोन नावाची छोटी पांढरी गोळी, रोज झोपताना एक. दोन वर्षांत तिला एकही झटका आला नव्हता. या औषधाची एकच खोड आहे. ते अचानक बंद केलं की झटके उलटून येतात, आणि पहिल्यापेक्षा जोरात येतात. पण ही झोपेचीही गोळी, त्यामुळे एका वेळी आठ दिवसांच्या वर द्यायची नाही असा आमच्याकडे नियम. म्हणून फिटचे सगळे पेशंट बाजाराच्या दिवशी यायचे. भाजीही व्हायची, गोळ्याही व्हायच्या.

सुनंदाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. तिचं लग्न झालं ते झटके थांबल्यावर. माहेरच्यांनी सासरी काही सांगितलंच नव्हतं. ती बाजाराचं निमित्त करून यायची, पुडी पदराच्या गाठीत बांधायची आणि सासू झोपली की गोळी गिळायची. हे मला, आमच्या मेडिकल ऑफिसर साहेबांना आणि तिच्या बापाला ठाऊक होतं.

“घरी माईत झालं त मले माहेरी धाडतीन, सर,” ती म्हणाली.

“करतो काहीतरी,” मी म्हणालो, आणि नेहमीच्या आठ गोळ्या दिल्या. हजार गोळ्यांचा डबा समोर उघडा होता. आणखी वीस तिच्या हातावर ठेवल्या असत्या तर कोणी विचारणारं नव्हतं. पण नियम म्हणजे नियम. मी तेव्हा नियमाचा मोठा भक्त होतो.

दोन दिवसांनी साहेबांना गाठलं. वॉर्डात पाय ठेवायला जागा नव्हती. एका खाटेवर दोन-दोन पेशंट, खिळ्यांना टांगलेल्या सलाईनच्या बाटल्या.

“साहेब, फिटचे अकरा पेशंट आहेत. ओपीडी बंद, त्यांच्या गोळ्यांचं काय?”

“सलाईन किती उरल्या ते सांग आधी.”

“चाळीसच्या आसपास. साहेब, त्यांच्या गोळ्या तुटल्या तर...”

“मला शिकवू नको. पंधरा दिवसांच्या बांध आणि ढोलेबरोबर पाठव.”

ढोले आमचा आरोग्यसेवक. साथीत तो सायकलवर गावोगाव हिंडून विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायचा आणि घराघरात क्लोरीनच्या गोळ्या वाटायचा. रोज एक गोळी पाण्याच्या माठात टाकायची, म्हणजे पाणी शुद्ध होतं. त्या गोळ्याही पांढऱ्या. त्याही मीच मोजून देत होतो, जुन्या फॉर्मच्या त्याच कागदात बांधून. फरक म्हणजे त्या जरा मोठ्या, आणि त्यांना उग्र वास. माझ्या नाकाला तो फरक लांबूनही कळायचा. मला वाटलं, सगळ्यांना कळेल.

दहा पुड्यांवर पेशंटचं नाव लिहिलं. सुनंदाच्या पुडीवर काही लिहिलं नाही. तिचा नवरा शिकलेला होता, वाचलं असतं. ढोलेला बजावलं, “तिच्याच हातात दे.” केवढी अक्कल चालवली असं मला वाटत होतं.

सोमवारी तो परत आला तो हसतच.

“सर, सुनंदा वावरात गेलती. सासू दारात. म्हने, काय आनलं? पान्याच्या गोळ्या का? म्या म्हटलं, हाव. देल्ली पुडी. सांभाळून घेतलं ना?”

“सुनंदाला कळेल का?”

“पायल्याबरोबर वयखन थे. रोजचीच गोळी हाय तिची.”

मला ते पटलं. पुडी घरात पोचली, गुपित राहिलं. मी ढोलेला शाबासकी दिली. हो, दिली. तेव्हा त्याला तसाच परत पाठवायला हवा होता. पण सात गावांच्या विहिरी बाकी होत्या, मीही दमलो होतो, आणि एका बाईच्या पंधरा गोळ्यांसाठी कोण पुन्हा चिखल तुडवणार असा विचार मनात आला. तो आला होता, हे आज लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्या आठवड्यात, मंगळवारीच, फाटकाशी ट्रॅक्टर थांबला. आमच्या शिपायाला सक्त ताकीद होती.

“हगवन हाय का?”

“नाई हो, झटके येऊन राह्यले. सकायपासून चारदा.”

“मंग वर्ध्याले न्या. इथं फक्त गॅस्ट्रो.”

“झटके” हा शब्द ऐकून मी बाहेर धावलो. ट्रॉलीत सुनंदा होती, शेजारी नवरा आणि सासू. डोळे फिरलेले, तोंडातून रक्तमिश्रित फेस, समोरचा एक दात तुटलेला. मी शिपायाला बाजूला ढकललं आणि तिला आत घेतलं. खाट नव्हतीच. औषधं ठेवायच्या माझ्या लांब टेबलावरचे डबे खाली उतरवले आणि तिथेच निजवलं. साहेब धावत आले. पॅराल्डिहाइडचं इंजेक्शन काचेच्या सिरिंजमध्ये भरलं. त्याचा घाणेरडा वास खोलीभर सुटला. अर्ध्या तासाने झटके थांबले.

साहेबांनी मला विचारलं, “गोळ्या दिल्या होत्यास ना?”

“पोचवल्या होत्या, साहेब.”

मग त्यांनी नवऱ्याला विचारलं, “फिटची गोळी रोज घेत होती ना ही?” आणि त्या एका प्रश्नात सगळं उघडं पडलं. नवऱ्याने मलाच विचारलं, “कोनत्या गोळ्या?” ढोलेने दिलेल्या पुडीतल्या, असं मी म्हणालो तेव्हा सासूला उमगलं.

“त्या गोळ्या? अवो बाप्पा, त्या त मी माठात टाकत होती! रोज एक. आयाबायाईले सांगत होती, या खेपेच्या गोळ्या चांगल्या हायेत, पान्याले वास नाई येत.”

म्हातारीला हसावं की रडावं कळेना. ती रडली.

दुसऱ्या दिवशी सुनंदा शुद्धीवर आली. जीभ चावली गेल्यामुळे तिला नीट बोलता येत नव्हतं. बाकी सगळे बाहेर होते. मी विचारलं, “तुला दिसलं नाही का गं?”

“दिसत होतं, सर. पुडी आत्याबाईच्या बटव्यात. त्या माह्यासमोर गोळी टाकत माठात. काय म्हनून मांगू त्यायले?”

मग ती म्हणाली, “म्हनून मी त्याच माठातलं पानी पेत होती. पोट फुगेपर्यंत पेत होती. थोडंसं त लागू पडन म्हटलं.”

मला पाणी आणायचं निमित्त करून बाहेर जावं लागलं. जवळच्या गोळ्या संपल्यापासून ती बाई माठातून तांब्यावर तांबे उपसत होती आणि मी इथे पुडी पोचली म्हणून निर्धास्त होतो. माठात विरघळलेल्या एका गोळीतून तिच्या पोटात काय जाणार होतं? काहीच नाही.

सासरच्यांनी तिला परत नेलं नाही. नवरा माणूस वाईट नव्हता. “झटक्यायचं काई नाई, सर, पन मले काऊन सांगतलं नाई?” एवढंच तो म्हणाला, आणि त्यानंतर कधी आला नाही. बाप तिला सेलूकडच्या आपल्या गावी घेऊन गेला. बाजार सुरू झाल्यावर तिच्या गोळ्या न्यायला तोच यायचा. खिडकीशी कधी एक वाकडा शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या साथीत आमच्या दवाखान्यात गॅस्ट्रोचा एकही पेशंट दगावला नाही. साहेबांचं कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. फिटच्या पेशंटबद्दल कोणी विचारलं नाही. त्यांच्या दुखण्याला कोणी साथ म्हणत नाही.

पुढे कोणाबरोबरही औषध पाठवलं की तो परतल्यावर मी एकच विचारायचो, “पेशंटने तुझ्यासमोर तोंडात टाकली का?” ढोले वैतागायचा. म्हणायचा, सर, तुमी पोलीस झाले. वैतागू दे. सुनंदाच्या वेळी हे विचारायला माझ्याकडे पुरे आठ दिवस होते.