तीन फेऱ्या, दार बंद

‘दार बंद, शेजारी अनुपलब्ध, निगेटिव्ह’ असा रिपोर्ट ठोकून मी कटिंग पीत होतो, तेवढ्यात नेरुळच्या वृद्धाश्रमातून देसाई मॅडमचा फोन आला. घाईत आपण काहीतरी माती खाल्ली आहे, हे त्यांच्या ‘नमस्कार’वरूनच कळलं.

माझं काम बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचं. लहान मुलं, आजारी, म्हातारी माणसं यांच्यापाशी कामाला लागणाऱ्याची आधी चौकशी करायची. पोलिसांचा दाखला कागदावर येतो. माणूस कसा आहे ते मात्र दारात जाऊन विचारावं लागतं, तेही न कळवता. दोन शेजारी हवेत, नात्यातले नकोत. तीन फेऱ्यांत कोणी भेटलं नाही, तर फाइल बंद.

ही फाइल सारसोळ्याच्या हेमलताची होती. नर्सच्या देखरेखीखाली ती दोन दिवस ट्रेनिंगला येऊन गेली होती. मॅडमनी सांगितलं, की अठरा नंबरच्या आजी आठवडाभर कोणाच्या हातून धड जेवत नव्हत्या, त्या हेमलताच्या हातून जेवल्या. आता रोज दाराकडे बघतात आणि ती कधी येणार म्हणून विचारतात.

“तुमच्या रिपोर्टवर मी तिला घेऊ शकत नाही,” मॅडम म्हणाल्या. “आणि आजींना काय सांगायचं तेही कळत नाही. पुन्हा एकदा जाऊन या.”

लागोपाठ तीन दिवस मी सकाळी अकराला गेलो होतो. चौथ्या फेरीला संध्याकाळी पाचला गेलो, तर गल्ली भरलेली. हेमलताच्या शेजारची म्हातारी ओट्यावर शिंपल्या निवडत होती. मी माझ्या तीन फेऱ्यांचं दुःख तिला ऐकवलं.

“अकराला कोन गावल?” ती म्हणाली. “सुकती व्हती. पानी उतरलं का सगल्या बाया खाडीत. तुमच्या हापिसात भरतीचा टाइम लिवत नाय?”

वीस वर्षं नवी मुंबईत राहतोय. खाडी रोज पुलावरून बघतो. तिलाही वेळापत्रक असतं, हे डोक्यात आलं नव्हतं.

मी फॉर्ममधला प्रश्न विचारला, की हेमलता कधी कोणाशी वाईट वागली आहे का.

“सासू सा वर्सं खाटेवर व्हती,” म्हातारी म्हणाली. “कवा वरडली नाय, असं नाय सांगनार. वरडली. मंग ह्याच ओट्यावर येऊन रडली. आन परत गेली तिला भरवाया.”

माझं पेन थांबलं. ‘ओरडली’ हा शब्द रिपोर्टमध्ये गेला, की नोकरी गेली. गाळावा का? पण सोयीचं तेवढंच लिहायचं, तर चौकशी कशाला? शेवटी ओट्यासकट सगळं लिहिलं. पलीकडच्या घरातूनही तेच कळलं.

जाताना उगाच त्या ओट्यावर जरा टेकलो. खेडजवळच्या गावी असाच ओटा आहे. तिथे आई एकटी असते, शेजारची वहिनी दोन वेळा डोकावते. मी रोज व्हिडिओ कॉल करतो. आई फोन कानाला लावून बोलते, त्यामुळे मला वर्षभर तिचा कान दिसतोय. कानातली कुडी आता मी कुठेही ओळखेन. चेहऱ्याचं मात्र सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला.

“कधीच ओरडली नाही असं लिहून येतं ना, त्या बाईची मला जास्त भीती वाटते,” त्या म्हणाल्या. “हिला सोमवारपासून घेते.”

तेव्हापासून माझ्या बॅगेत फॉर्मच्या पॅडला भरती-ओहोटीचं कोष्टक लावलेलं असतं.

घरी हे सगळं मी जरा रंगवूनच सांगितलं. बायको कणीक मळता मळता ऐकत होती.

“तिथे तीन वेळा दार बंद दिसलं, तरी चौथ्यांदा गेलात,” ती म्हणाली. “आई वर्षभर दार उघडं ठेवून बसल्यात. तिकडेही एक फेरी मारा.”