पाकिटावरचा सूर्य

लोणी काळभोरच्या औषधांच्या दुकानात एक वृद्ध गृहस्थ बसतात. फाळणीत सिंधमधून आलेल्या त्यांच्या वडिलांनी काढलेले गावातले हे पहिले औषधांचे दुकान. गावातच राहणाऱ्या माझ्या निरक्षर आईला ते गोळ्यांच्या पाकिटांवर सूर्य आणि चंद्र काढून देत. सकाळची गोळी कोणती, रात्रीची कोणती, हे तिला त्यावरून कळे. पुढे मी कोथरूडहून मोबाइलवरच तिची औषधे मागवून घरपोच पाठवू लागलो. ती पाकिटे घेऊनही आई सूर्य-चंद्र काढून घ्यायला त्यांच्याकडेच जाते, हे कळल्यावर मी ओशाळून क्षमा मागायला गेलो.

चष्मा पुसत ते म्हणाले, "अहो, चित्रं काढायला दोन मिनिटं लागतात. पण त्या तासभर बसतात. तुमच्याबद्दलच बोलतात."

त्या दुपारी मी आईजवळ बराच वेळ बसलो. तिच्याशी काय बोलावे, ते मला सुचेना.