वल्ह्याला लावलेला कान

गॅरेज आवरताना वॉल्टरकाकांचं लाकडी वल्हं हाती आलं. घर विकून जाताना त्यांनीच ते मला दिलं होतं. त्याला अजून तळ्याच्या पाण्याचा वास येतो, की मलाच तसं वाटतं, कोण जाणे.

२००४ चा उन्हाळा होता. बाबा मालवणहून पहिल्यांदाच अमेरिकेत, माझ्याकडे कॅरीला आले होते. जन्मभर मासेमारी केलेला माणूस घरात बसून कंटाळला, म्हणून शेजारचे वॉल्टरकाका आम्हाला त्यांच्या होडीतून तळ्यावर घेऊन गेले. मध्यावर बाबांनी वल्ह्याचं पातं पाण्यात सोडलं, दांडा कानाला लावला आणि डोळे मिटले. आमच्याकडे घोळ मासा असाच शोधतात. त्याचा आवाज लाकडातून वर येतो.

मला जरा ओशाळल्यासारखं झालं. वॉल्टर मात्र टक लावून बघत होते.

"आय डिड द सेम जॉब," ते म्हणाले. महायुद्धात एका लहानशा लाकडी जहाजावर हेडफोन लावून ते पाणबुड्यांचा कानोसा घ्यायचे. त्यांनी दिशा सांगितली की पाण्यात बॉम्ब पडायचे.

मी बाबांना सगळं सांगितलं. पाणबुड्यांचं ऐकून त्यांनी विचारलं,

"तेच्यात माणसां असतत मां?"

मी चाचरतच ट्रान्सलेट केलं. वॉल्टरनी होकारार्थी मान हलवली. बाबांनी वल्हं त्यांच्या हातात दिलं, आणि त्यांनीही दांडा कानाला लावला. तेव्हा मला वाटलं, ते पाहुण्याचं मन राखतायत. आता तसं वाटत नाही.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, काय ऐकू येतंय?

"नथिंग," ते म्हणाले, आणि तरीही त्यांनी कान काढला नाही.