इरफानभाऊ हाय का?

बारा वर्षं एकाच शोरूममध्ये बसलं की किस्से आपोआप साचतात, धान्याच्या कोठीत भुसा साचतो तसे. राजुऱ्यातल्या आमच्या ट्रॅक्टरच्या शोरूममधले सगळे किस्से एकाच माणसाचे आहेत, इरफानचे. आम्ही दोघं एकाच दिवशी सेल्समन म्हणून लागलो. लोक त्याचे किस्से ऐकून हसतात. मी पण हसतो. पोटात दुखतं ते वेगळं!

कंपनीनं नागपूरला ट्रेनिंग दिलं, ‘नेटवर्किंग करा!’ मी आल्या आल्या गावोगावच्या बाजारात दोनशे व्हिजिटिंग कार्डं वाटली. आठवड्यानं एक शेतकरी माझं कार्ड हातात धरून आला. मी ताडकन उठलो. त्यानं कार्ड उलटं केलं. मागं पेननं इरफानचा नंबर!

“लिहायले कागद नोता भाऊ,” तो म्हणाला. “इरफानभाऊ हाय का?”

एकदा इरफान भर दुपारी एका शेतकऱ्याच्या बैलासाठी जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन गेला. मी टोमणा मारला, “तू ट्रॅक्टर विकून राह्यला का बैल वाचवून राह्यला?”

“त्याचा बैल पडून हाय. आज त्याले ट्रॅक्टरचं कसं बोलू?”

सहा महिन्यांनी तो शेतकरी दोन भावांना घेऊन आला. तिघांचे तीन ट्रॅक्टर बुक! बैल अजून धडधाकट आहे.

मग मीही ठरवलं, माणसं जोडायची. फॉर्मवरून जन्मतारखा काढल्या. निम्म्या गिऱ्हाइकांचा वाढदिवस एक जूनला! सकाळपासून फोन लावत सुटलो. एक म्हातारे काका म्हणाले, “बापू, ते तारीख गुरुजीनं शाळेत लिवली. मी तं धान कापणीत झालो.”

“सॉरी काका, मला माहीत नव्हतं.”

“इरफानले माहीत हाय. तो तवाच येते.”

यंदा मॅनेजरची जागा निघाली. मी लॅपटॉपवर प्रेझेंटेशन बनवलं, नवा शर्ट घेतला. मालकांनी इरफानचं नाव घेतलं, आणि हार घालायला मलाच पुढं बोलावलं! फोटोत मी हसतोय असं बायको म्हणते. दात दिसतात, एवढं खरं.

त्याच आठवड्यात मी कुणाला न सांगता चंद्रपूरच्या दुसऱ्या शोरूममध्ये इंटरव्ह्यूला गेलो. साहेबांनी बायोडाटा पाहिला आणि एकदम खूश झाले. “राजुरा? म्हणजे आमच्या इरफानभाईंच्या शोरूमचे तुम्ही!” माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला, तोही स्पीकरवर.

“तुमच्यासोबत लागलेले सेल्समन आमच्याकडे इंटरव्ह्यूला आलेत. माणूस कसा आहे, इरफानभाई?”

“साहेब, हिशेबानं चोख, बोलण्यानं साफ. माह्यापेक्षा मशीन त्यालेच जास्त समजते. डोळे मिटून घ्या.” मग जरा थांबून म्हणाला, “पण नाई घेतलं तं बरं होईल साहेब. मी डबा कोनासंगं खाऊ?”

साहेबांनी हसत फोन ठेवला. “पहिल्या तारखेपासून या.”

मी म्हटलं, “विचारून सांगतो.”

“कोणाला?” साहेबांनी विचारलं.

मी आमच्या शोरूमला फोन लावला, “इरफानभाऊ हाय का?”