सरळ पडणारी धार

चुकीच्या उत्तरावर माझ्या साडूंइतका मनापासून चिडणारा माणूस कोल्हापुरात दुसरा झाला नाही, आणि पंचगंगेच्या दोन्ही काठांवर शोधलं तरी पुढे होईल असं वाटत नाही. लोक भावकीवरून चिडतात, बांधावरून चिडतात, पंगतीत जिलबी उशिरा आली म्हणून चिडतात. हे गृहस्थ रेणूंवरून चिडत. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती त्यांची बायको. शिवाय आम्ही दोघे एकाच संस्थेच्या ज्युनियर कॉलेजात होतो, ते रसायनशास्त्र शिकवायला आणि मी ऑफिसात हेडक्लार्क. त्यामुळे त्यांच्या तावडीतून मला घरी सुटका नव्हती आणि कामावरही नव्हती. मी त्यांना सर म्हणायचो. ते मला पावणं म्हणत, माझ्या लग्नाला अठरा वर्षं होऊन गेली तरी.

सरांच्या डोक्यावर एक केस नव्हता आणि खिशात कायम कंगवा असे. नवीन माणसाला याचं कोडं पडायचं, पण सर ते फार वेळ पडू देत नसत. पहिल्याच भेटीत त्याला दंडाला धरून नळापाशी न्यायचे, धार सुतळीएवढी बारीक करायचे, गळ्यातल्या लोकरीच्या मफलरवर (हा मफलर भर मे महिन्यातही असे, आणि तो याच कामासाठी असे) कंगवा खसाखसा घासायचे आणि धारेजवळ धरायचे. धार कंगव्याकडे वाकायची. पाहुणा तोंड उघडं टाकून बघत असतानाच सर त्याला पाण्याचा रेणू सांगायला लागत. मधे ऑक्सिजन, त्याला दोन हायड्रोजन, पण सरळ रेषेत नाहीत, कोन करून बसलेले. ऑक्सिजनला आपल्याकडे ओढून घ्यायची खोड, म्हणून त्याच्या अंगाला थोडा ऋण भार जमतो आणि हायड्रोजनच्या अंगाला थोडा धन. असा दोन अंगांना दोन स्वभाव असलेला रेणू म्हणजे पोलर, आणि म्हणून तो कंगव्याच्या ओढीनं वाकतो. थोरल्या मुलीला बघायला आलेल्या मंडळींनासुद्धा त्यांनी चहाआधी मोरीत नेलं होतं. लग्न जमलं, कारण मुलाचे वडील वायरमन होते.

पण त्यांचं खरं दुखणं पुढे होतं. पोरं बंध बघतात आणि आकार बघत नाहीत, हे त्यांना सहन होत नसे. दोन अणूंमधला एकेक बंध पोलर असला म्हणजे सगळा रेणू पोलर झाला असं समजणाऱ्या माणसाला ते जेवायलासुद्धा बोलवायला तयार नव्हते. हे पटवण्यासाठी हाताशी येईल त्याचा उपयोग करत आणि हाताशी बहुधा मी असे. माझ्या पुतणीच्या लग्नात, अक्षता पडून पंगत बसायच्या मधल्या वेळात, त्यांनी मला मांडवात उभं करून माझे दोन हात दोन धट्ट्याकट्ट्या पाहुण्यांच्या हातात दिले आणि दोन्हीकडून ओढायला सांगितलं. मी कार्बन, ते दोन ऑक्सिजन. दोघेही सारख्याच जोरानं ओढत होते, मी जागचा हललो नाही, फक्त कळवळलो. मग त्यांनी दोघांना एकाच अंगाला तिरकं उभं केलं आणि पुन्हा ओढायला लावलं, तेव्हा मी थेट आमटीच्या पातेल्यापर्यंत गेलो. ओढ तीच होती, उभं राहणं बदललं, एवढं त्यांना दाखवायचं होतं. माझ्या नव्या शर्टाची बाही काखेत उसवली ती निराळीच. पुण्याहून आलेल्या आमच्या एका व्याह्यांना मिसळीचा कट घशाशी लागला तेव्हा तर सरांनी त्यांच्या हातातला पाण्याचा तांब्याच काढून घेतला. मिरचीचा जाळ तेलात विरघळतो, पाण्यात विरघळत नाही, हे त्या बिचाऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत असताना नीट समजावून सांगितलं आणि मगच लोण्याचा गोळा पुढे केला. गुण आला हे मात्र कबूल केलं पाहिजे.

असा माणूस विभागप्रमुख व्हायच्या बेतात होता. तेव्हाचे प्रमुख सप्टेंबरात निवृत्त होणार होते, सरांचा नंबर होता, आणि शिफारस प्राचार्यांच्या हातात होती. प्रमुखाला कॉलेजच्या आवारात तीन खोल्यांची जागा मिळे. अक्का कसबा बावड्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहून पिचली होती. मागे गुऱ्हाळ होतं, हंगाम सुरू झाला की त्याची काजळी वाळत घातलेल्या प्रत्येक कपड्यावर बसायची. आवारातल्या त्या जागेत कपाट कुठं ठेवायचं इथपर्यंत तिनं ठरवून टाकलं होतं.

आणि ऑगस्टात चाचणी परीक्षा आली. रसायनाचा पेपर त्या वर्षी खुद्द प्राचार्यांनी काढला होता. ते मूळचे त्याच विषयाचे, पण खुर्चीत बसल्यापासून पुस्तकाला हात लागला नव्हता. एक प्रश्न असा होता की कार्बन टेट्राक्लोराइडचा रेणू पोलर आहे की नाही, कारणासह सांगा. छापून आलेल्या आदर्श उत्तरात लिहिलं होतं की पोलर, कारण कार्बन आणि क्लोरीनमधले बंध पोलर असतात. आमच्याकडे अशी पद्धत होती की पेपर तपासायच्या आधी त्या आदर्श उत्तरांच्या कागदावर विषयाच्या चारही शिक्षकांनी सह्या करायच्या. तिघांनी मस्टरवर करावी तशी न वाचता सही केली. सरांनी कागद वाचला आणि पेन खिशात ठेवलं. चार क्लोरीन कार्बनच्या चार अंगांना सारख्या अंतरावर बसलेले, चौघांची ओढ एकमेकांत जिरून जाते, रेणू पोलर नाही, हे त्यांनी प्राचार्यांना सांगितलं. छापलंय ते छापलंय, असं उत्तर आलं.

तीन दिवस गठ्ठे तसेच पडून राहिले. चौथ्या दिवशी अक्का आमच्या घरी आली, पाटावर बसली आणि मला म्हणाली, "तुम्ही सांगा त्यास्नी. एक सही करायची हाय, कोण गळा मागत न्हाय." मी गेलो आणि मला सुचतील तेवढी शहाणपणाची कारणं सांगितली. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"पावणं, एखाद्या पोरीनं बरोबर लिवलं आसंल," ते म्हणाले, "तिच्या उत्तरावर लाल रेघ मारायची ती कुठल्या हातानं, तेवढं सांगा की."

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राचार्यांना प्रयोगशाळेत बोलावलं, प्रत्यक्षच दाखवतो म्हणाले. प्राचार्य आले, ते तिघे शिक्षक आले, आणि सहीचा कागद घेऊन मी. पाच दिवस पाऊस लागून राहिला होता, भिंती ओलसर, काड्यापेटीची काडी पेटेना. सरांनी दोन ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेल्या काचेच्या उंच नळ्या, उभ्या केल्या, एकीत पाणी आणि एकीत कार्बन टेट्राक्लोराइड. पाण्याची धार सोडली, कंगवा घासला, जवळ धरला. धार सरळच पडली. पुन्हा घासला, पुन्हा सरळ. असल्या दमट हवेत कंगव्यावर भार टिकत नाही, हे आयुष्यभर हाच खेळ करणारा माणूस घाईत विसरला होता.

"म्हणजे तुमच्या मते पाणीसुद्धा पोलर नाही," प्राचार्य म्हणाले. तिघे शिक्षक जरा उशिरा हसले.

सर वरमले नाहीत. त्यांनी दहा-बारा काड्या खर्चून बर्नर पेटवला आणि मफलर त्यावर धरून शेकायला घेतला. करपल्या लोकरीचा वास सुटला तरी शेकत राहिले. कंगवाही लांबून शेकला, त्याचे दोन दाते वाकडे झाले. वीस मिनिटं गेली. प्राचार्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं, सरांनी एकदाही वर पाहिलं नाही. मग त्यांनी कंगवा घासला आणि धरला, आणि पाण्याची धार चांगली बोटभर वाकली. दुसरी ब्युरेट सोडली. कंगवा जवळजवळ टेकवला तरी ती धार सरळ खाली पडत राहिली.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण प्राचार्यांनी तिघांकडे पाहिलं, आणि तिघांनी उजेड कमी आहे असं सांगितलं. मग ते माझ्याकडे वळले.

"हेडक्लार्क, तुम्ही विषयाबाहेरचे. तुम्हाला काय दिसलं?"

माझ्या बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. मी म्हणालो, "मला यातलं काही कळत नाही, साहेब."

सरांनी ब्युरेटची तोटी बंद केली. "सही करत न्हाय," ते म्हणाले. "प्रमुख दुसरा कुनीबी करा. माझ्या गठ्ठ्यात बरोबर उत्तराला मार्क मिळणार."

गठ्ठा दुसऱ्या शिक्षकाकडे देण्याचा हुकूम मीच टाइप केला. तो पोचायच्या आत त्यांनी एका रात्रीत सगळे पेपर तपासून वर्गात वाटूनही टाकले होते, आणि ज्यांचं उत्तर चुकलं होतं त्यांच्या समासात रेणूचं चित्र काढून दिलं होतं. प्रमुख अर्थातच दुसरा कुणी झाला. सर पुढे अकरा वर्षं साधे शिक्षक म्हणून राहिले आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात शिकवत राहिले. अक्का महिनाभर त्यांच्याशी नीट बोलली नाही. नंतर एके दिवशी मी बावड्याला गेलो तर ती कपड्यांवरची काजळी झटकत शेजारणीला सांगत होती, "आमच्यांनी सही केली न्हाय," आणि ते सांगताना तिची मान ताठ होती.

त्या दिवशी प्रयोगशाळेतून घरी जाताना आमच्यात एकच छत्री होती, आणि ती सरांनी सगळा रस्ता माझ्या डोक्यावर धरली. मी बोलणी खायला तयार होतो. ते कंगवा पावसाळ्यात कोरडा ठेवायचा तर कसा, याबद्दल बोलत राहिले. पुढेही कधी तो विषय काढला नाही. एकदा तरी शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सर गेले त्याला बरीच वर्षं झाली. प्राचार्य गेले, ते तिघेही गेले. मला बढती मिळाली, पेन्शनही लागली. तो प्रश्न मला पुन्हा कुणी विचारला नाही, म्हणून न विचारता सांगतो. उजेड भरपूर होता. मी हातभर अंतरावर उभा होतो. पाण्याची धार वाकली आणि दुसरी सरळ पडली, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणा कागद, एवढं त्यावर लिहा, मी खाली सही करतो.