करमाफीच्या डोंगरावरचा कारखाना

बारावी झाल्यावर मी जव्हारजवळच्या एका शेडमध्ये हजेरी लिहायच्या कामाला लागले. मोखाड्याच्या रस्त्याला, माळावर ती शेड एकटीच उभी होती. पाटीवर एका मोठ्या कंपनीचं नाव आणि खाली 'कारखाना' असं लिहिलेलं. मुंबईकडून अंगाला लावायच्या पावडरची पिंपं यायची. पोशेऱ्याकडच्या पाड्यांवरच्या बाया ती पावडर डब्यांत भरायच्या, झाकणं दाबायच्या, लेबलं चिकटवायच्या. मग खोकी त्याच ट्रकमधून परत मुंबईला जायची.

ते दिवस आठवले की अजून आधी वास येतो. गुलाब आणि चंदन यांच्या मधलाच कुठलातरी, खऱ्या कुठल्याच फुलाला नसलेला. धुकं खाली उतरलं की धुक्यालाही तो लागायचा. संध्याकाळी बाया घरी निघायच्या तेव्हा त्यांच्या पापण्या, केस, पदर, सगळं पांढरं असायचं. थोड्या अंतरावर धुकं कुठं संपतं नि बाया कुठं सुरू होतात ते कळेनासं व्हायचं. मी दारात उभी राहून बघत राहायचे. नोकरी करतेय असं वाटायचंच नाही, कुणाच्या तरी झोपेत शिरल्यासारखं वाटायचं.

शेडच्या मागच्या भागात पावडर मिसळायचं एक मोठं यंत्र होतं, प्लॅस्टिकनं झाकलेलं. ते चालू झालेलं कुणी पाहिलं नव्हतं.

बायांमध्ये सगळ्यात मोठ्या होत्या त्यांना मी मावशी म्हणायचे. मुंबईहून कंपनीचे एक हिशेबनीस यायचे, मऊ बोलणारे, सगळ्यांबरोबर चहा पिणारे. एकदा मावशींनी त्यांना सरळ विचारलं, "सायेब, पावडर तिकडंच बनते, तिकडंच खपते. मंग मधी आमच्या डोंगरावर कशाला आनता?"

ते हसले. "मावशी, तुमचा तालुका मागास आहे ना, म्हणून. माल इथं तयार झाला की कंपनीला विक्रीकर माफ. काही वर्षं तरी."

"म्हंजे आमी मागं, नि माफी तुमाला?"

"सरकारनंच दिलीय. कारखाने यावेत, तुम्हाला काम मिळावं म्हणून."

"काम मिलालं. खोटं कशाला बोलू?" मावशींनी चहाचा घोट घेतला. "पन कर कोनी भरलाच नाय, त आमच्या पाड्याला रस्ता कोन करल?"

"सगळं कायद्यात बसतं, मावशी," ते म्हणाले, पण ग्लासात बघत.

मी घरी हे सांगितलं. वडील प्राथमिक शाळेत गुरुजी. ते म्हणाले, "माझा कर पगार हातात यायच्या आधीच कापतात. मला कुणी माफीचं विचारत नाही." मग वह्या तपासता तपासता म्हणाले, "पण त्या बायांना घराजवळ काम मिळालं, हेही खरंच."

"मग बरोबर कोण?"

"मला नाही गं सांगता येत," ते म्हणाले. शाळेत ते असं कधी म्हणाले नसतील.

मग एकदा तपासणीला विक्रीकर खात्याचे अधिकारी येणार म्हणून कळलं. त्या सकाळी यंत्रावरचं प्लॅस्टिक काढलं आणि बटण दाबलं. रिकामंच यंत्र घुमू लागलं. आत कधीची राहिलेली पावडर वर उठली, पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हात तरंगत राहिली. बाया हातातलं काम सोडून बघत होत्या. फार सुंदर दिसत होतं ते.

"हे रोज चालतं?" अधिकाऱ्यांनी मावशींनाच विचारलं. हिशेबनिसांचा चेहरा उतरला.

"नाय, सायेब. आज पयल्यांदा. पन वाजतं बेस."

मला वाटलं, आता शेडला टाळं लागणार. पण हिशेबनीस सावरून म्हणाले, "माल भरणं, लेबल लावणं, हेसुद्धा नियमात उत्पादनच धरतात, साहेब." अधिकाऱ्यांनी क्षणभर विचार केला. "हो, धरतात," ते म्हणाले. यंत्र बंद झालं, चहा आला. मावशींना कुणी काही बोललं नाही.

माफीची मुदत संपली तशी पिंपं यायची थांबली. एक दिवस ट्रक आला आणि यंत्र चढवलं गेलं. कुठं नेता, असं मी विचारलं.

"उत्तरेकडं, दुसऱ्या राज्यात," हिशेबनीस म्हणाले. "तिथंही डोंगरच आहेत. नवी सवलत निघालीय."

मावशी पुढं आल्या. "तिथं पन बायाच भरनार?"

"हो, बहुतेक."

"त्यांना सांगा, नाकाला ओलं फडकं बांदा. नायतर खोकला जात नाय."

हिशेबनिसांनी होकारार्थी मान हलवली. मला वाटतं, त्यांनी खरंच सांगितलं असेल. ट्रक वळणाआड गेला तरी मावशी रस्त्याकडं बघत होत्या. कधीही न पाहिलेल्या त्या बायांशी मनातल्या मनात बोलत असाव्यात. दिवाळीनंतर त्या भिवंडीकडं बांधकामाच्या मजुरीला गेल्या.