पोटात झेड असलेले शब्द

अमरावतीला कॉलेजात गेलो त्या वर्षी आमच्या वसतिगृहाच्या ओट्यावर रोज संध्याकाळी एक खेळ चाले. एकानं इंग्रजी अक्षर सांगायचं आणि बाकीच्यांनी आळीपाळीनं ते अक्षर पोटात असलेला शब्द सांगायचा. शब्दाच्या सुरुवातीला असलेलं अक्षर चालत नसे, शेवटी असलं तर चाले. पाच मोजेपर्यंत शब्द आला नाही की बाद.

मी केनवड या खेड्यातला. आमच्या शेतकऱ्याच्या घरात चौथीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. लिहायला बसलो की इंग्रजी बरं येई, पण कोणी आकडे मोजू लागलं की डोकं रिकामं होई. पहिले काही दिवस मी बाद झालो तेव्हा मुलं हसली. ते मला चाललं असतं. पुढे त्यांनी हसणंही सोडलं. माझ्या अलीकडच्याचा शब्द झाला की कोणीतरी म्हणे, "त्याला राहू दे, पुढे चला," आणि पाळी माझ्यावरून पलीकडे जाई. त्यांच्या मनात वाईट काही नसावं. पण एकदा तरी त्यांनी माझ्या शब्दासाठी थांबावं, असं मला फार वाटे.

सगळे झेडवर अडत, म्हणून मी झेडचेच शब्द जमवायचं ठरवलं. वाचनालयात डिक्शनरी होती, पण तिच्यात शब्द पहिल्या अक्षरावरून सापडतो, पोटातल्या अक्षरावरून नाही. शिवाय ती घरी नेऊ देत नसत. दिवाळीच्या सुटीत गावी गेल्यावर मग शाळेची जुनी पुस्तकं काढली आणि अर्थ सोडून, नुसता झेड शोधत एकेक ओळ वाचू लागलो.

"काय शोधून राह्यला रे साहेब?" थोरल्या भावानं विचारलं. मी शिकावं म्हणून शेत त्याच्या एकट्याच्या अंगावर पडलं होतं. तो ते कधी बोलून दाखवत नसे. साहेब म्हणून चिडवी, तेवढंच. "तुरीतले खडे निवडल्यावानी पुस्तक निवडून राह्यला."

"एक अक्षर पाह्यजे, भाऊ. लय कमी सापडते."

"कायले पाह्यजे?"

"खेळाले."

"कॉलेजात खेळ शिकवतेत?" तो खाली बसला. "काढ बरं, कसं हाय थे."

मी काडीनं अंगणात झेड काढला. त्यानं मान तिरपी करून पाहिलं.

"हे त बैल चालता चालता मुतला तशी रेघ हाय. याच्यासाठी अमरावती?"

मलाही हसू आलं. मग मी त्याला ओट्यावरच्या मुलांचं सांगितलं. पाळी माझ्यावरून पुढे जाते, तेही सांगितलं. माझ्या हातातली काडी घेऊन त्यानं माझ्या झेडशेजारी तसाच एक काढून पाहिला.

दोन दिवसांनी तो कापसाची गाडी घेऊन वाशीमला सरकी काढायच्या जिनात गेला. परत आला तो फडक्यात एक गठुडं बांधून. कापसाच्या गाठीवरच्या गोणपाटाचा शाईचं अक्षर असलेला तुकडा, काडेपेटीवरचं चित्र, औषधाच्या बाटलीचा कागद, सिगारेटचं पाकीट.

"तिथला चपराशी म्हणे, कचरा काहून येचून राह्यला? म्या म्हटलं, कचरा नाई, अभ्यास हाय."

त्यानं एकेक तुकडा माझ्यापुढे मांडला, प्रत्येक आडवा करून. सगळ्यांवर एन होता. एन आडवा धरला की झेडसारखा दिसतो. तुकड्याची वरची बाजू कोणती, हे न वाचणाऱ्याला कसं कळावं?

"हेच ना थे?"

"हेच," मी म्हणालो.

"मंग आता थांबतीन ना तुयासाठी?"

मी होकारार्थी मान हलवली.

सुटी संपली. जुन्या पुस्तकांतून सहा-सात शब्द मिळाले होते. ओट्यावर कोणीतरी झेड दिला तेव्हा मी 'डझन' तयार ठेवला. आमच्याकडे येणारी बांगडीवालीही तो शब्द म्हणे. तो इंग्रजी आहे हे मला पुस्तकात दिसेपर्यंत ठाऊक नव्हतं. माझी पाळी आली, मी तोंड उघडलं, तेवढ्यात "पुढे चला" झालं. पलीकडच्या मुलानं 'डझन' म्हटलं. मी उठून खोलीत आलो. का उठलास, असं कोणी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात घरून कार्ड आलं, गावच्या मास्तरांच्या अक्षरात. शेवटची ओळ भावानं सांगून लिहून घेतलेली होती: अक्षर कामी आले का ते कळवणे. मी लगेच उत्तर लिहिलं, कामी आले. पण ते टपालपेटीत टाकवेना. दोन दिवस कार्ड खिशातच होतं.

तिसऱ्या संध्याकाळी मी पुन्हा ओट्यावर जाऊन बसलो. त्या दिवशी झेड आलाच नाही. अक्षर होतं के.

"पुढे चला," कोणीतरी म्हणालं.

"थांबा," मी म्हणालो. आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला. सगळे माझ्याकडे पाहू लागले आणि एकजण बोटांवर मोजू लागला. जमवलेल्यातला एकही शब्द उपयोगाचा नव्हता. चारावर मला अंगण आठवलं, भाऊ आठवला आणि त्याचा बैल.

"बुलक."

"हं, चालेल," एकजण म्हणाला, आणि खेळ पुढे गेला.

पुढच्या फेरीत मी बाद झालो, पण पाच मोजून. त्यामुळे कोणाशी मैत्री झाली असं नाही. त्या वर्षी जेवायला मी बहुतेक एकटाच बसत असे. दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना कार्ड पेटीत टाकलं. एनचं मात्र मी भावाला कधीच सांगितलं नाही.